शिबिर संपलं, शिक्का राहिला: कार्नेटचा माझा अनुभव

परदेशातल्या नेत्रशिबिराचे शेवटचे दिवस कसे गेले, असं विचारणाऱ्यांना निरोपसमारंभ, फोटो, पट्टी निघाल्यावर हसणारे पेशंट असं काहीतरी ऐकायचं असतं. ते सगळं झालं आणि छानच झालं. माझ्या डोक्यात मात्र अजून विमानतळावरचा कस्टमचा कारभारच फिरतोय. पुढच्या गटाला उपयोग व्हावा म्हणून लिहितेय. खरं तर राग उतरावा म्हणूनसुद्धा.

आमच्याकडे स्लिट लॅम्प, ऑटोरिफ्रॅक्टोमीटर, ऑपरेशनचा पोर्टेबल मायक्रोस्कोप अशी यंत्रं होती. ती नेऊन परत आणायची म्हणून ए.टी.ए. कार्नेट, म्हणजे तात्पुरत्या आयातीसाठीचं कस्टमचं कागदपत्रांचं पुस्तक, काढलं. १९६१ च्या करारापासून चालत आलेली ही सोय. ज्या देशांत ती चालते तिथे आपली कामाची उपकरणं आयातशुल्क न भरता तात्पुरती नेता येतात. कार्नेटची मुदत जास्तीत जास्त एक वर्ष. औषधं, टाके, कापूस अशा तिथेच संपणाऱ्या वस्तू त्यात बसत नाहीत, त्यांचे कागद वेगळे. जाताना सगळं बिनबोभाट झालं, त्यामुळे त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

कार्नेटमधली पिवळी पानं आपल्या देशाची, पांढरी परक्या देशाची. पांढऱ्यातलं एक माल आत येतानाचं, दुसरं बाहेर जातानाचं. या दुसऱ्यावर शिक्का नसेल तर कागदोपत्री तुमची यंत्रं त्या देशातच राहिली. मग शुल्काची मागणी तुमच्या हमीदार संस्थेकडे, म्हणजे कार्नेट देऊन तुमची हमी घेणाऱ्या संस्थेकडे, जाते आणि ती संस्था तुमच्याकडून वसूल करते.

म्हणून उड्डाणाच्या आदल्या दिवशीच मी फाइल घेऊन विमानतळावर गेले. प्रवाशांच्या खिडकीवर सांगितलं, हे काम मालवाहतुकीच्या इमारतीत. तिथे गेले तर, प्रवाशाच्या सामानाबरोबर जाणारी यंत्रं आमच्याकडे येत नाहीत, खिडकीवरच जा. खिडकीवर परत आले तर आता वेगळंच उत्तर: माल समोर असल्याशिवाय शिक्का नाही, उद्या या. ते नियमाला धरूनच होतं, पण पहिल्यांदाच सांगायला काय झालं होतं? उद्याचं विमान मध्यरात्रीनंतरचं, तेव्हा सही करणारा माणूस असेल का, असं विचारलं. "असेल," एवढंच. कोण, कुठे, काही नाही. नाव लिहून द्या म्हटलं तर खिडकीवरच्या माणसाने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्याची किडनी मागितली.

दुसऱ्या रात्री अर्थातच कोणी नव्हतं. खिडकीत दिवा चालू, खुर्ची रिकामी. गटातला धाकटा ऑप्टोमेट्रिस्ट सारखा विचारत होता, "ताई, पेट्या काउंटरला देऊन टाकू का? रांग वाढतेय." मी त्याला ओरडलेच. पेट्या एकदा पट्ट्यावरून आत गेल्या की दाखवणार काय? बाकीच्यांना त्यांच्या बॅगांसह पुढे पाठवलं आणि आम्ही दोघं यंत्रांच्या पेट्यांवर बसून राहिलो. बसायला खुर्च्याही नव्हत्या. शेवटी विमान कंपनीच्या ड्यूटी मॅनेजर बाईंनी कस्टमच्या पाळीप्रमुखाला फोन लावला, तेव्हा कुठे एक साहेब आले. हा फोन आपल्याला कोणी लावून देत नाही. विमान कंपनीच्या माणसाला अगदी मागे लागून तो लावायला लावायचा.

साहेबांनी यादी पहिल्या ओळीपासून वाचायला घेतली. मायक्रोस्कोपचा सिरीयल नंबर बुडाशी, तोही घासून पुसट झालेला. ते मोबाइलचा टॉर्च धरून वाकले, मी पेटी तिरकी धरली. तीन की आठ यावर ते अडले. सुदैवाने निघण्यापूर्वी मी प्रत्येक नंबरपट्टीचा जवळून फोटो काढून छापून फाइलला लावला होता, त्यावर तो आठ स्पष्ट दिसत होता. (हे फोटो काढताना गटातले सगळे मला हसले होते. नोंद घ्यावी.) मग पायाने दाबायचा स्विच कुठे, म्हणून विचारणा. यादीत त्याची स्वतंत्र ओळ असल्यामुळे तोही पेटी उपसून दाखवावा लागला.

शिक्का बसला, त्यांनी व्हाउचर, म्हणजे पानाचा कस्टमकडे राहणारा भाग, फाडून घेतलं, आणि मी हातातली स्थळप्रत, म्हणजे कार्नेटमध्येच राहणारा भाग, वाचली. सही होती, शिक्का होता, तारखेची जागा कोरी! साहेब निम्मं दालन ओलांडून गेले होते. हाक मारून, अक्षरशः धावत जाऊन तारीख लिहून घेतली. तेवढ्यासाठी ते माझ्यावर वैतागले. वैतागू देत.

एक आधीच सांगायला हवं होतं. आत येतानाच्या स्थळप्रतीवर परत नेण्याची अखेरची तारीख लिहिलेली असते. ती कार्नेटच्या मुदतीपेक्षा बरीच अलीकडचीही असू शकते. विमानाचं तिकीट पुढे ढकलण्याआधी ती बघा.

आणि यंत्र तिथेच देऊन टाकायचा मोह. शेवटच्या दिवशी तिथल्या सिस्टरांनी स्लिट लॅम्प ठेवून जाल का, असं विचारलं. आमचे डॉक्टर हो म्हणायच्या बेतात होते, मी मध्ये पडले. कार्नेटवर आलेली वस्तू परत न्यायची असते. दान करायची असली तरी आधी कस्टमकडे तिचे रीतसर आयातीचे सोपस्कार आणि लागू असेल ते शुल्क. सिस्टरांना वाईट वाटलं, मलाही वाटलं. द्यायचंच असेल तर ते यंत्र यादीत घालू नका, पहिल्यापासून दान म्हणूनच न्या.

यंत्रांच्या सुट्या लिथियम बॅटऱ्या चेक-इनच्या पेटीत चालत नाहीत, त्या हातातल्या बॅगेत. १०० वॉट-तासांपर्यंत सहसा अडचण नाही. १०० ते १६० मधल्या असतील तर विमान कंपनीची परवानगी लागते, आणि माणशी दोनच. त्या आधीच काढून ठेवल्या नसत्या तर पेट्या पुन्हा उघडाव्या लागल्या असत्या.

आपल्या देशात उतरल्यावर कस्टमच्या हिरव्या मार्गाने (काही जाहीर करायचं नसलेल्यांच्या) सुटायचं नाही. लाल मार्गाने जाऊन पिवळ्या पानावर परत आल्याचा शिक्का घ्यायचा. तो पटकन मिळाला. कार्नेट हमीदार संस्थेकडे जमा केलंय, तिच्याकडे ठेवलेली हमीची रक्कम मोकळी झाल्याचं पत्र अजून आलेलं नाही. फोन केला की "प्रोसेसमध्ये आहे" म्हणतात.