ढिगाऱ्याचा हिशोब

रविवार, रात्री

भिंती वाळल्या. आता पाडायला हरकत नाही.

हे आईला सांगितलं तर म्हणाली, "अरं, बांधालायस का पाडालायस? एक काय ते ठरीव." दोन्ही, म्हटलं, तर कपाळाला हात लावून आत गेली. ज्या वाड्याचं मॉडेल करतोय तो तिच्या माहेरचा, कोल्हापुरातल्या शुक्रवार पेठेतला. त्यामुळं या उद्योगात तिला रस आहे आणि रागही आहे. रस घराचा, राग पडक्या घराचा. "करायचाच तर धड कर की, दादांच्या वेळचा." पण धड घरांची मॉडेलं बिल्डरच्या ऑफिसात असतात, काचेच्या पेटीत, हिरव्या स्पंजच्या झाडांसकट. ती बघून मला कधी काही वाटलं नाही. मला तो वाडा शेवटी जसा उरला होता तसा करायचा आहे.

प्रमाण १:३५. हे रणगाड्यांची मॉडेलं करणाऱ्यांचं प्रमाण. आर्किटेक्चरची पोरं १:५० नाहीतर १:१०० घेतात, पण तिथं कौल चिमटीत येत नाही. पस्तीसला मंगळुरी कौल जेमतेम बारा मिलिमीटरचं होतं, म्हणजे एकेक करून रचता येतं. वाड्याचं तीस फुटी तोंड सव्वीस सेंटिमीटरमध्ये बसलं. माणूस पावणेपाच सेंटिमीटरचा.

लहानपणी दिवाळीच्या किल्ल्याला असली भानगड नव्हती. महाराज बुरुजाएवढे, मावळा दरवाजापेक्षा उंच, आणि पायथ्याचं अळीव त्याच्या कमरेला. कुणाला खटकत नसे. प्रमाणाचं खूळ मला नोकरीनं लावलं. उद्यमनगरात पॅटर्नच्या, म्हणजे ओतकामाचा साचा ज्यावरून घेतात त्या लाकडी नमुन्याच्या कामाला आहे. बिडाचं ओतकाम थंड होताना शेकडा एकाच्या आसपास आकसतं, म्हणून लाकडी पॅटर्न तेवढा मोठा धरायचा. त्यासाठी पट्टीच वेगळी असते, तिच्यावरचा इंच खऱ्या इंचापेक्षा थोराड. अशी खोटी पट्टी दिवसभर हाताळल्यावर घरी येऊन पस्तीसपट खोटी धरायला जड जात नाही.

मंगळवार

जोतं काळ्या दगडाचं, सांगाडा सागवानी, भिंती पांढऱ्या मातीच्या भेंड्यांच्या, म्हणजे न भाजलेल्या विटांच्या. तिघांची मोडायची रीत वेगळी. दगड मोडत नाही, सुटतो. लाकूड कुजतं, तेही आधी भिंतीत रुतलेल्या टोकाला, कारण ओल तिथं कोंडते. आणि भेंडा विरघळतो.

हे लक्षात न घेता केलेली पडकी घरं मी बरीच बघितली आहेत. भाजलेल्या विटेची भिंत पडली की तिचा काठ पायरीपायरीनं तुटतो. युरोपातल्या बॉम्ब पडलेल्या घरांची मॉडेलं बघून आपली पोरं मातीच्या भिंतीलाही तशाच पायऱ्या पाडतात. भेंड्याच्या भिंतीचं छप्पर गेलं की दोन पावसाळ्यांत तिचा माथा पावसात राहिलेल्या गुळाच्या ढेपेसारखा होतो. कोपरे जातात, सांधे बुजतात, एक भेंडा कुठं संपला आणि दुसरा कुठं लागला ते सांगता येत नाही.

म्हणून काठ कापलाच नाही. प्लॅस्टर ऑफ पॅरिस, चाळलेली माती आणि थोडं फेव्हिकॉल यांचे भेंडे ओतले, नऊ मिलिमीटर लांब. खरे भेंडे फक्त तुटक्या काठाच्या तीनचार थरांत. बाकी भिंत सलग, तिच्यावर सांधे कोरलेले. मग ओला ब्रश घेऊन माथा घासत बसलो. पाऊस करतो तेच काम, पण टेबलावर आणि पंख्याखाली.

आतल्या भिंतीला चार थर आहेत: शेणामातीचा गिलावा, त्यावर चुना, मग नीळ घातलेला चुना, आणि सगळ्यांत वर थोरल्या मामाच्या लग्नात मारलेला गुलाबी डिस्टेंपर. पोपडे धरायला डिस्टेंपरच्या खाली हेअरस्प्रेचा हात दिला. वरचा रंग वाळल्यावर ओल्या ब्रशनं टोचलं की खालचा हेअरस्प्रे पाण्यानं सुटतो आणि गुलाबी खपली निघून आतली नीळ दिसते. बायकोची बाटली हल्ली दुप्पट वेगानं संपते.

लाकडाला सागवान घेतलं नाही. खऱ्या सागाचे रेषे या मापाला फार जाड दिसतात. तुळयांना आइस्क्रीमच्या काड्या, वाशांना खराट्याचे हीर. काडीला आधी कोऱ्या चहाचा हात द्यायचा, मग गंजके खिळे भिजत घातलेल्या व्हिनेगरचा. चहातलं टॅनिन आणि लोखंड एकत्र आलं की लाकूड बघता बघता करडं पडतं. एवढं सगळं करून लाकूड लागणार अगदी थोडं. का, ते निवांत लिहीन.

बुधवार

रंगाच्या दुकानात एक जुना मित्र भेटला. काय करतोयस विचारलं, सांगितलं. म्हणाला, "मामाचा वाडा कोण बघणार? केशवराव भोसले कर. लोक रडतील." केशवराव भोसले म्हणजे आमचं नाट्यगृह, शाहू महाराजांच्या काळातलं, १९१५ चं पॅलेस थिएटर. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री जळालं, ज्यांचं नाव त्याला आहे त्या संगीत नाटकातल्या केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या रात्री. त्या रात्री खासबागेच्या बाजूला उभी असलेली माणसं खरंच रडत होती. त्याच कारणानं मला ते करावंसं वाटत नाही. ते लोक परत बांधून घेणार. मधल्या काळातल्या कोळशाचं शोभेचं काही करून कपाटावर ठेवायला हात धजत नाही.

शिवाय आगीचा पडका आणि पावसाचा पडका हे दोन वेगळे धंदे. आगीत काजळी खिडक्यांच्या वरच्या अंगाला चढते, आणि सगळं एका रात्रीत होतं. मला सावकाश झालेलं हवं होतं.

येताना बाबूराव पेंटर आठवले. तेही १८९० चे, केशवरावांच्याच वर्षाचे, याच गावचे आणि लाकूडकाम करणाऱ्या घरातले. रंगवलेल्या पडद्याऐवजी खरी उभी केलेली भिंत सिनेमाच्या सेटवर आणणाऱ्या पहिल्या मंडळींत त्यांचं नाव घेतात. खोटी भिंत खरी दिसावी म्हणून डोकं फोडणारा या गावात मी काही पहिला नाही.

गुरुवार, उशिरा

आज ढिगारा. खरं तर सगळं मॉडेल याच्यासाठीच आहे.

पडक्या घराच्या मॉडेलात ढिगारा नेहमी कमी असतो. अर्धी भिंत गायब आणि खाली मूठभर चुरा, बस्स. बाकीची भिंत गेली कुठं? म्हणून मी आधी हिशोब मांडला. पडलेला तुकडा बारा फूट लांब, नऊ फूट उंच, दोन फूट जाड. म्हणजे सहा घनमीटर. पस्तीसचा घन बेचाळीस हजार आठशे पंच्याहत्तर. त्यानं भागलं की उरते एकशेचाळीस घनसेंटिमीटर. चहाचा एक मोठा कप. सुटी माती दाबलेल्या मातीपेक्षा जास्त जागा धरते, म्हणून सुरुवातीला सव्वा कप. मग पावसाळ्यांनी दबून पुन्हा कपाच्या आसपास. एवढी माती ओतली तर ढिगारा आतल्या देवळीच्या तळापर्यंत आला. आईला दाखवलं. "एवढाच होता," म्हणाली.

माती शुक्रवार पेठेतलीच आणायची इच्छा होती, आणलीही. पण खऱ्या मातीचा एक मिलिमीटरचा खडा या मापात साडेतीन सेंटिमीटरचा धोंडा होतो. चहाच्या गाळणीतून, मग मलमलीतून गाळली तेव्हा कुठं ती पांढरी माती दिसायला लागली. फेव्हिकॉल पाण्यात पातळ करून त्यात भांड्याच्या साबणाचा थेंब टाकायचा आणि ड्रॉपरनं सोडायचं. साबण नसेल तर थेंब धुळीवर गोळी होऊन बसतो, आत शिरतच नाही.

माती बसली. आता तिच्या पोटात काय काय हवं, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे काय नको.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेच्या पुराचं पाणी राजाराम बंधाऱ्यावर पंचावन्न फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी त्रेचाळीस. पाणी घरात होतं तोवर भिंत उभी होती. ओसरलं आणि मग बसली. भिजून मऊ झालेल्या भेंड्याला दोन्ही अंगांनी पाण्याचा टेकू होता, तो निघाल्यावर बुडातून खचली. छप्पर मात्र पडलं नाही, ते खांबांवर होतं. म्हणजे ढिगाऱ्यात सगळ्यांत खाली भिंतीची माती आणि गुलाबी-निळ्या खपल्या. कौलं त्यात नाहीत. कौलं पुढच्या उन्हाळ्यात माणसांनी उतरवली. साबूत होती ती धाकट्या मामाच्या गोठ्यावर गेली. फुटकी तिथंच टाकली, शिडी लावली होती त्या कोपऱ्यात, मातीच्या वर. त्यामुळं माझ्या वाड्यात कौलांचे तुकडे सगळीकडं विखुरलेले नाहीत. एका कोपऱ्यात रास आहे आणि राशीत एकही अख्खं कौल नाही. एवढ्या एका गोष्टीसाठी दोन रात्री कौलं करून फोडत बसलो, पण ढिगारा त्यानंच खरा झाला.

तुळया जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्यानं नेल्या. खांब त्याच्याच टेम्पोत. खिडक्यांचे गज भंगारात. जोत्याचे घडीव दगड शेजाऱ्यांच्या कंपाउंडला लागलेत, अजून दिसतात. दरवाजा पन्हाळ्याकडच्या कुठल्याशा रिसॉर्टला. पाटा-वरवंटा आमच्या स्वयंपाकघरात. म्हणून लाकूड थोडं. चित्रातल्या पडक्या वाड्यात मोडक्या तुळया आभाळाकडं तोंड करून असतात, छान दिसतं ते. पण सागाला भाव असलेल्या गावात वर्षानुवर्षं उघड्यावर पडलेल्या वाड्यात तुळई राहील कशी? राहते ती तिची खोबण. माझ्या भिंतीत सहा मिलिमीटरची चौकोनी भोकं आहेत ओळीनं, आणि त्यांतल्या दोनच भोकांत कुजकं टोक, कारण तेवढं व्यापाऱ्यानं घेतलं नाही.

घर कसं पडलं हे ढिगारा सांगतो, आणि कोणी काय नेलं हे भोकं सांगतात. मला दुसऱ्याची जास्त गोडी लागली आहे असं दिसतंय.

शनिवार

मामा आले होते. थोरले. चष्मा काढून, वाकून, बराच वेळ बघत होते. पहिलं वाक्य: "पाण्याची रेघ वर घे."

"किती वर?"

"खुंटीच्या वर. खुंटीला माझी पिशवी होती, ती भिजलेली की रं."

खुंटी पाच फुटांवर. म्हणजे रेघ साडेचार सेंटिमीटरला. पिशवीसारखा पुरावा मोजपट्टीलाही मिळत नाही. रेघ म्हणजे काही रेघ मारलेली नसते. गाळाचा पट्टा असतो, वरचा काठ धारदार आणि खाली फिकट होत गेलेला, कारण पाणी चढतं तसं थांबतं आणि उतरताना घाईत असतं. करड्या-पिवळ्या रंगद्रव्याची पूड पाण्यात कालवून भिंत आडवी धरली आणि सुकू दिली. २०२१ च्या जुलैतल्या पुराची दुसरी रेघ पहिलीच्या आसपासच, पण तोवर भिंत उघडी पडली होती, म्हणून ती तुटक काढली.

चहा झाला. आई आत होती. मामा दाराच्या जागेकडं बोट करून हळूच म्हणाले, "हितं काय दाखवणार?"

"मोकळी जागा. चौकट दरवाजाबरोबर गेली ना रिसॉर्टला. वरची छावणी, भिंत तोलणारं आडवं लाकूड, तेवढी ठेवलीय, ती काढली असती तर वरची भिंत आली असती खाली."

"चौकटीच्या उभ्या बाह्या गेल्या. गणेशपट्टी गेली न्हाई."

"मग?"

"माझ्याकडं हाय. माळ्यावर, गोणपाटात. यापारी सकाळी येणार होता, मी आदल्या रातीला जाऊन कापली." आणि आतल्या खोलीकडं बघत, "तुझ्या आईला बोलू नकोस. तिनं तवा मागितलेली."

आई हे वाचत नाही, म्हणून लिहितोय.

म्हणजे हिशोबात एक नोंद वाढली आणि मॉडेलात दोन. गणेशपट्टी म्हणजे चौकटीची वरची आडवी पट्टी, तिची दोन्ही टोकं भिंतीत वीतभर रुतलेली असतात. मधली पट्टी कापून नेली तर ती टोकं तिथंच राहणार, भिंतीतून जरा बाहेर डोकावत. रुंदी चार इंच, म्हणजे तीन मिलिमीटर. त्यांचा तोंडाकडचा भाग मोडल्यासारखा चिरफाळलेला नको, करवतीचा सपाट हवा, आणि बाकी लाकडापेक्षा रंग एक छटा उजळ, कारण तो काप उशिराचा. व्हिनेगरचा हात त्यावर कमी द्यायचा.

निघताना मामांना विचारलं, दोन्ही काप सरळ होते का.

"डावीकडचा सरळ. उजवीकडचा तिरका घे जरा," चपला घालता घालता म्हणाले. "दम लागलेला."