स्टीलच्या डब्यातला ब्लॉक

मे महिन्यातली दुपार. बडोद्यात त्या दिवसांत दोन ते चार कुणी उगाच घराबाहेर पडत नाही, पडलाच तर काही अडलेलं असतं. आमच्या पॅथॉलॉजी लॅबच्या काउंटरवर तिशीचा एक मुलगा उभा, मानेवर ओला रुमाल, हातात प्लास्टिकची फाइल. "बेन, आमां साचो कयो?" (यातला खरा कोणता?) म्हणत त्याने दोन रिपोर्ट शेजारी शेजारी मांडले. मी तेव्हा फोनवर आईला गोळ्यांच्या वेळा सांगत होते. ते मराठी ऐकलं आणि त्याचा सूरच बदलला. "ताई, आम्ही दांडिया बाजारातले. बाबांच्या जठरात कॅन्सरची गाठ होती, ऑपरेशन झालं. एक लॅब म्हणते व्हायरस आहे, तुम्ही म्हणता नाही. डॉक्टर म्हणाले, आधी हा घोळ मिटवून या."

दुसरा रिपोर्ट आमचा होता. सही आमच्या पॅथॉलॉजिस्ट सरांची, पण स्लाइड मी केलेली. रजिस्टरमधलं 'निगेटिव्ह' माझ्याच अक्षरात.

त्याला बसवलं, पाणी दिलं. खरं तर दोन्ही लॅबनी वेगवेगळे प्रश्न विचारले होते. बाहेर केला होता पीसीआर. म्हणजे गाठीचा तुकडा विरघळवायचा, त्यातला सगळा डीएनए एकत्र काढायचा आणि त्यात विषाणूचा डीएनए सापडतो का ते बघायचं. आता हा विषाणू, ईबीव्ही म्हणजे एपस्टाईन-बार, नव्वद टक्क्यांहून जास्त मोठ्या माणसांच्या अंगात मुक्कामाला असतोच. एकदा शिरला की पांढऱ्या पेशींत जन्मभर पडून राहतो, बहुतेकांना कधी त्रासही देत नाही. या काकांच्या गाठीत तर पांढऱ्या पेशींची जत्रा भरलेली. पीसीआर पॉझिटिव्ह आला नसता तरच नवल. वाटलेल्या चटणीची चव घेऊन लसूण आहे एवढं कळतं, पाकळी कुठे पडली होती ते कळत नाही.

आम्ही करतो ती ईबर नावाची तपासणी. त्यात काही विरघळवायचं नसतं. गाठीचा तुकडा मेणात बसवलेला असतो, त्या ब्लॉकमधून तीन-चार मायक्रॉनचा काप घ्यायचा, स्लाइडवर चढवायचा आणि विषाणूच्या आरएनएला नेमका चिकटेल असा प्रोब त्यावर सोडायचा. हे ईबर नावाचे आरएनए विषाणू पेशीच्या केंद्रकात दहा लाखांच्या घरात साठवतो, म्हणून ते सापडतात. ज्या केंद्रकात विषाणू, ते तपकिरी. मग डोळ्यांनीच दिसतं की रंग कॅन्सरच्या पेशींत आहे की पाहुण्या आलेल्या लिम्फोसाइटमध्ये, म्हणजे त्या पांढऱ्या पेशींत. १९९२ मध्ये शिबाटा आणि वाइस यांनी याच पद्धतीने जठराच्या १३८ गाठी पाहिल्या, २२ मध्ये विषाणू निघाला. तेव्हापासून या कामाला ईबरच प्रमाण मानतात. (काही जण अजून एलएमपी-१ या विषाणूच्या प्रथिनाची आयएचसी, म्हणजे अँटिबॉडीने रंगवायची तपासणी, मागतात. ती लिम्फोमात, म्हणजे लिम्फोसाइटच्याच कॅन्सरमध्ये, चालते. जठरात जवळजवळ नेहमी कोरी येते. पैसे पाण्यात.)

तेव्हा आमचाच रिपोर्ट खरा, असं मी त्याला सांगणार होते. तेवढ्यात सरांनी आतून हाक मारली. त्यांनी दोन्ही स्लाइड पुन्हा लावल्या होत्या, साधी आणि ईबरची.

"हे बघा. पुरुष, गाठ जठराच्या वरच्या भागात, लिम्फोसाइट एवढे खच्चून, आणि मधे ग्रंथी अशा लेससारख्या विणलेल्या. हा चेहरा ईबीव्हीचा आहे. मग निगेटिव्ह कसा? आरएनएचा कंट्रोल दाखवा."

माझ्या पोटात गोळा आला. तो मी लावलाच नव्हता.

कंट्रोल दोन असतात. एक दुसऱ्याच पेशंटची, ठरलेली पॉझिटिव्ह स्लाइड. आमच्याकडे नाकामागच्या गाठीची आहे. ती तपकिरी आली की औषधं चांगली, हात बरोबर चालला. ती त्या दिवशी चॉकलेटसारखी आली होती. दुसरा कंट्रोल त्याच पेशंटच्या कापावर लावायचा. त्याचा प्रोब कुठल्याही पेशीतल्या साध्या आरएनएला चिकटतो आणि एवढंच सांगतो की या तुकड्यात आरएनए मुळात शिल्लक आहे का. त्या प्रोबची बाटली तळाला लागली होती, नवी यायची होती. म्हटलं, हे थेंब अडीअडचणीला राहू देत. अडचण समोर होती ती मला कळली नाही.

संध्याकाळी उरलेल्यातले थेंब काकांच्या कापावर घातले. दुसऱ्या दिवशी बघते तर काप पांढराफटक. कडेला एक पातळ तपकिरी रेघ, आत काही नाही. विषाणूचा आरएनए सोडा, त्या माणसाचा स्वतःचाच आरएनए उरला नव्हता. आमच्या 'निगेटिव्ह'ला काडीचा अर्थ नव्हता.

आणि खरं सांगायचं तर मला हे आधीच कळायला हवं होतं. नमुना आला तेव्हा डबा मीच उघडला होता. अख्खं जठर, न चिरता, घडी घालून बसवलेलं, आणि नमुना सडू नये म्हणून घालतात ते फॉर्मलिन जेमतेम निम्म्यापर्यंत. शनिवारी ऑपरेशन, सोमवारी आमच्याकडे. कुठल्या हॉस्पिटलातून ते जाऊ दे. फॉर्मलिन आत शिरतं तासाला साधारण एक मिलिमीटर, आणि लागतं नमुन्याच्या दहापट तरी. ग्रॉसिंगला, म्हणजे नमुना चिरून बघताना, गाठ कापली तेव्हा बाहेर राखाडी, घट्ट, आणि मध्ये कलिंगडासारखी लाल, लिबलिबीत. आत औषध पोचलंच नव्हतं. साध्या स्लाइडवर तशाही पेशी वाचता येतात. आरएनए मात्र फार नाजूक. त्याला तोडणारे एन्झाइम आपल्या हाताच्या घामात, पाण्यात, हवेतल्या धुळीत, सगळीकडे. ऑटोक्लेव्हच्या दाबाच्या वाफेलाही पुरतं दाद देत नाहीत. म्हणून तर ईबरच्या दिवशी आम्ही ग्लोव्ह्ज घालून नाकसुद्धा खाजवत नाही.

सर रागावले नाहीत. ते रागावले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "एंडोस्कोपीचे तुकडे कुठे असतील?"

हेच ते. एंडोस्कोपीचा तुकडा तांदळाच्या दाण्याएवढा. फॉर्मलिनमध्ये पडला की काही तासांत आतपर्यंत पक्का होतो. ती बायोप्सी दुसऱ्या ठिकाणी झाली होती. मी मुलाला फोन केला. "ऑपरेशनच्या आधीचा ब्लॉक घेऊन ये. मेणाचा असतो, ऊन लागू देऊ नकोस, स्कूटरच्या डिकीत तर अजिबात ठेवू नकोस." आमचं मेण साठ अंशांच्या आसपास वितळतं, आणि मे महिन्यातल्या डिकीचा भरवसा नाही.

तो आला तेव्हा हातात चार खणांचा स्टीलचा डबा. वरच्या खणात ब्लॉक, पिशवीत गुंडाळलेला. खालच्या तीन खणांत बर्फ. "आईने भरून दिला," म्हणाला. डब्याच्या झाकणावर त्याच्या आजीचं नाव कोरलेलं होतं.

त्या ब्लॉकमध्ये फार ऐवज उरला नव्हता. मी मायक्रोटोमला, म्हणजे काप काढायच्या यंत्राला, नवी ब्लेड लावली, वॉटर बाथचं पाणी बदललं. दुसऱ्या पेशंटची एक पेशी तरंगत येऊन चिकटली तरी सगळं मुसळ केरात. तीन काप मिळाले. एक ईबरला, एक आरएनएच्या कंट्रोलला, एक राखीव. मग प्रोटिनेज, प्रथिनं थोडी पचवून प्रोबला वाट करून देणारं एन्झाइम. इथे हात बसलेला लागतो. कमी वेळ ठेवलं तर प्रोब आत शिरत नाही, जास्त ठेवलं तर केंद्रकं पोकळ होतात आणि नुसती भोकं दिसतात. बायोप्सी नाजूक, म्हणून मी नेहमीपेक्षा दोन मिनिटं आधीच थांबवलं. प्रोब घालून रात्रभर ३७ अंशांवर.

झोप काही लागली नाही. सकाळी धुऊन, अँटिबॉडी देऊन डीएबी, म्हणजे तो तपकिरी रंग देणारं रसायन, घातलं. डीएबीचा रंग चढतो तो डोळ्यांदेखत. आधी कंट्रोलची स्लाइड बघितली, आधी तीच. सगळी केंद्रकं तपकिरी, पाहुण्यांचीही, घरच्यांचीही. मग ईबर. लिम्फोसाइट निळे, शांत. आणि त्यांच्या गर्दीतून वळत गेलेली ग्रंथींची ती लेस, एकूण एक केंद्रक गडद तपकिरी. मी सरांना हाक मारली नाही, स्लाइड नेऊन त्यांच्या मायक्रोस्कोपखाली ठेवली.

सुधारित रिपोर्ट गेला. ऑपरेशनच्या गाठीवरचा निकाल 'तपासणीयोग्य नाही' असा बदलला. रजिस्टरमधल्या 'निगेटिव्ह'वर एकच रेघ ओढली, खालचं अक्षर वाचता येईल अशी, शेजारी सही आणि तारीख. डॉक्टरांना याचा उपयोग होता. २०१४ मध्ये टीसीजीए या मोठ्या प्रकल्पात २९५ गाठी तपासून जठराच्या कॅन्सरचे चार गट पाडले. त्यातला ईबीव्हीचा गट सुमारे ९ टक्के, आणि त्यात पीडी-एल१ हे प्रतिकारशक्तीला रोखणारं प्रथिन वाढलेलं असतं. पुढे इम्युनोथेरपीचा, म्हणजे प्रतिकारशक्तीला बळ देणाऱ्या उपचाराचा, विचार करताना हे बघतात. पुढचं त्यांचं काम.

मुलगा ब्लॉक परत न्यायला आला. रिपोर्ट घेतला, दोनदा वाचला, मग घुटमळला. "ताई, माझी मुलगी बाबांच्याच ताटात जेवते. व्हायरस म्हणजे... तिला बंद करायला सांगू का?"

"हा थुंकीतून पसरतो हे खरं," मी म्हटलं. "पण तो तुझ्यात असणार, माझ्यातही असणार. ताट वेगळं केल्याने काही होणार नाही. जेवू दे तिला आजोबांबरोबर."

त्याने मान हलवली. ब्लॉक वरच्या खणात ठेवला, झाकण लावलं, आणि परत उघडलं. "आई विचारत होती, हा डबा घासून परत वापरला तर चालेल ना?"

"एवढा ब्लॉक घरी काढून ठेवा, मग खुशाल वापरा," मी म्हटलं.

बर्फाचं पाणी त्याने आमच्या दाराशी तुळशीला घातलं आणि गेला.