पुसलेलं रेकॉर्ड आणि मावशीची फाईल

गेल्या महिन्यात माझ्या मावसभावाने एकदाचा अमेरिकन सिटिझनशिपचा फॉर्म भरला. त्यात विचारतात की तुम्हाला कधी अटक झाली होती का, आणि तिथेच लिहिलेलं असतं की रेकॉर्ड सील झालं असेल, पुसलं असेल, अगदी जजने किंवा वकिलाने सांगितलं असेल की आता तुमचं रेकॉर्डच उरलेलं नाही, तरीही सांगायचं. त्याने हो लिहिलं. तेवढं लिहायला त्याला किती वर्षं लागली ते मी जवळून बघितलंय, म्हणून हे लिहितोय. त्याला विचारूनच लिहितोय.

तो नऊ वर्षांचा असताना मावशी-काकांबरोबर न्यू जर्सीत आला, २००७ ला सगळ्यांना ग्रीन कार्ड मिळालं. २०११ मध्ये, वीस वर्षांचा असताना, मित्रांबरोबर रात्री गाडीत होता, पोलिसांनी गाडी थांबवली आणि याच्या खिशात एक जॉइंट, म्हणजे गांजाची सिगरेट, सापडला. तेव्हा जर्सीत ५० ग्रॅमच्या आत गांजा बाळगणं म्हणजे सहा महिन्यांपर्यंत जेल आणि हजार डॉलरपर्यंत दंड. आपल्याकडे म्हणतातच की शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, त्यामुळे घरी सगळ्यांना एकच घाई, लवकर मिटवा. गुन्हा कबूल केला, दंड भरला, मिटलं असं वाटलं. वकील होता, पण हे पुढे इमिग्रेशनला नडेल का हा प्रश्न कोणाच्या डोक्यातच आला नाही. नंतर कुठेतरी काहीतरी वाचून तो इतका घाबरला की भारतात जाणंच सोडलं. आजी साताऱ्यात, आणि हा दर वर्षी काहीतरी कारण काढणार, प्रोजेक्ट आहे, सुट्टी नाही.

मग नोव्हेंबर २०२० ला जर्सीत मतदान झालं, जवळपास दोन तृतीयांश लोकांनी गांजा कायदेशीर करायच्या बाजूने मत दिलं, आणि २०२१ च्या फेब्रुवारीत कायदा आला. त्यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे जुन्या केसेस कोर्टाने स्वतःहून पुसायच्या, लोकांनी अर्ज करायची गरज नाही. काही महिन्यांत साडेतीन लाखांहून जास्त केसेस पुसल्या गेल्या. हे ‘स्वतःहून’ किती महत्त्वाचं आहे ते कॅलिफोर्नियाकडे बघून कळतं. तिथे २०१६ ला कायदा आला, जुनी केस रद्द करून घ्यायचा हक्कही मिळाला, पण अर्ज तुम्ही करायचा. सॅन फ्रान्सिस्कोसारख्या शहरात वर्षभरात फक्त २३ जणांनी अर्ज केला! वकील, फेऱ्या, कामावरची रजा, आणि मुळात असा हक्क आहे हेच कित्येकांना माहीत नाही. शेवटी तिथले सरकारी वकील जॉर्ज गॅस्कॉन यांनी ‘कोड फॉर अमेरिका’ या संस्थेच्या सॉफ्टवेअरची मदत घेतली, आणि २०१९ मध्ये रद्द करण्याजोग्या ९ हजारांहून जास्त केसेस निघाल्या, काही तर १९७५ पासूनच्या. म्हणजे १९७५ ला पकडलेला माणूस चाळीसेक वर्षं नोकरीच्या, भाड्याच्या घराच्या प्रत्येक फॉर्मवर तो डाग घेऊन फिरला. आणि हे डाग सगळ्यांना सारखे लागले नाहीत. जर्सीत गांजासाठी काळ्या लोकांना गोऱ्यांच्या तिपटीहून जास्त प्रमाणात अटक व्हायची, वापर दोघांचा साधारण सारखाच. आता त्याच राज्यात २१ वर्षांचा किंवा त्याहून मोठा कोणीही दुकानात आयडी दाखवून तीच वस्तू विकत घेतो, मग जुन्या लोकांचं रेकॉर्ड ठेवायचं कशासाठी? पुसायलाच हवं, मला त्यात तिळमात्र शंका नाही.

तर भावाची केसही पुसली गेली. केवढा खूश होता! २०२२ च्या दिवाळीचं तिकीट काढलं, आजीला फोन करून सांगितलं. सहज म्हणून इमिग्रेशनच्या वकीलबाईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या तिकीट कॅन्सल कर.

कारण राज्याने पुसलं तरी फेडरल म्हणजे केंद्र सरकारच्या इमिग्रेशन कायद्यात ते पुसलं जात नाही. तिथे केस रद्द झाली असं तेव्हाच धरतात जेव्हा मूळ खटल्यातच कायदेशीर चूक होती म्हणून ती रद्द होते. दया म्हणून किंवा कायदा बदलला म्हणून पुसलेलं चालत नाही. त्यातही गंमत नाही, वेदनाच आहे, की ग्रीन कार्डवाल्याला एका ३० ग्रॅमच्या आतल्या केससाठी देशाबाहेर काढत नाहीत, पण तोच माणूस बाहेर जाऊन परत आला की एअरपोर्टवर त्याला नव्याने आत येणारा धरून अडवू शकतात. माफी मागायची सोय आहे, पण तीही ३० ग्रॅमच्या आत असेल तरच. आणि जर्सीच्या कागदावर काय लिहिलेलं असायचं? ‘५० ग्रॅमपेक्षा कमी’. म्हणजे तीसच्या आत होतं हे सिद्ध करायला पोलिसांचा मूळ रिपोर्ट हवा. तो आणायला हा कोर्टात गेला, तर खिडकीवरच्या बाईंनी सांगितलं अशी काही नोंदच नाही. त्यांची चूक नाही, पुसलेल्या केसबद्दल तसंच सांगायचं असा कायदाच आहे, उघडायची तर परत जजकडे अर्ज. तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष बायडेन यांनी ऑक्टोबर २०२२ ला गांजा बाळगल्याच्या केसेसना माफी दिली तेव्हा आम्ही रात्री बसून ती सगळी वाचली, ग्रीन कार्डवाले त्यात होते, पण फक्त फेडरल आणि वॉशिंग्टन डीसीच्या केसेस. राज्याच्या नाहीत.

तो खचलाच त्यानंतर. विषय काढू द्यायचा नाही.

या वर्षी मावशी-काकांनी घर बदललं तेव्हा सामान आवरताना मावशीची ती प्लास्टिकची निळी फाईल सापडली, ज्यात लसीकरणाच्या कार्डापासून सगळं आहे. त्यात २०११ चे सगळे कागद, दंडाची पावती, आणि पोलिस रिपोर्टची कॉपी, स्पष्ट लिहिलंय, हाताने वळलेली एक सिगरेट. वकीलबाई म्हणाल्या हे लाखमोलाचं आहे, आणि हेही म्हणाल्या की २०१६ नंतर कधीही सिटिझनशिपचा अर्ज केला असता तरी चाललं असतं. ते ऐकून मावशी किती रडली.

तुमच्यापैकी कोणाची किंवा मुलांची अशी जुनी केस असेल आणि सिटिझनशिप नसेल, तर कृपा करून कोर्टाची सर्टिफाइड कॉपी आणि पोलिस रिपोर्ट आधी मिळवून ठेवा, पुसायच्या आधी, आणि वकील इमिग्रेशनचाच गाठा. लाज वाटते म्हणून गप्प बसू नका. आणि मुलांना सांगा की राज्यात कायदेशीर असलं तरी ग्रीन कार्ड किंवा व्हिसावर असताना नुसतं ‘हो, घेतलाय’ म्हणणंसुद्धा अंगाशी येऊ शकतं, त्या धंद्यातली नोकरीसुद्धा.

फॉर्म गेलाय, बोटांचे ठसे झाले, इंटरव्ह्यूची तारीख यायचीय. मावशीने त्या रिपोर्टच्या पाच झेरॉक्स काढून पाच घरी एकेक ठेवायला दिलीय. आजी ९१ ची आहे. रविवारी फोनवर तिने परत विचारलं, कधी येतोस रे, आणि यावेळी त्याने तिला सगळं सांगितलं, पहिल्यांदाच. ती थोडा वेळ गप्प होती, मग म्हणाली, अरे एवढंच होय, मला वाटलं तुला यावंसंच वाटत नाही.