नदी कशाला हाय मग?

लोणंदला आमचं मटणाचं दुकान आहे, आजोबांपासूनचं. माउलींची पालखी नीरा ओलांडून सातारा जिल्ह्यात आली की पहिला मुक्काम आमच्या गावात पडतो, आणि पालखी गावात असेपर्यंत आमचं शटर खाली असतं. पण वडिलांचं नुसत्या शटरनं भागायचं नाही. आदल्या रात्री ते लाकडी ठोकळा परसात नेऊन ताडपत्रीखाली झाकायचे, सत्तूर आणि सुऱ्या पोत्यात गुंडाळून माळ्यावर टाकायचे, फरशी दोन-दोनदा धुवायचे. पालखी आली की लांब उभं राहून हात जोडायचे. रथाजवळ ते कधी गेले नाहीत. त्यांना कुणी अडवलं होतं असंही नाही. "आपलं हात तसलं," एवढंच म्हणायचे. ते गेले आणि दुकानाबरोबर त्यांची ती उभं राहायची जागाही माझ्याकडं आली.

लोणंदच्या मुक्कामात गाव कसं असतं, हे ज्यानं पाहिलंय त्याला सांगायला नको. चर्मकार मंडळी रस्त्याकडेला बसून वारकऱ्यांच्या तुटक्या चपला शिवून देतात, पैसे घेत नाहीत. नाभिक मंडळी ओळीनं खुर्च्या मांडून दाढी-कटिंग करतात. डॉक्टर फोड आलेल्या पायांना पट्ट्या बांधतात, कॉलेजची पोरं म्हाताऱ्यांच्या पोटऱ्या चोळतात. ज्याला जे येतं ते तो माउलींच्या पायी वाहतो. मला जे येतं, तेवढंच एक या सोहळ्यात चालत नाही. दरवर्षी त्या गर्दीतून फिरताना हे मला टोचायचं. केळी वाटायचो, पाण्याचे जार भरून ठेवायचो. पण ते पैशानं होणारं काम. हातचं काही नाही.

आमच्या घरामागच्या मोकळ्या जागेत माण तालुक्यातली एक दिंडी उतरते. तिच्यातल्या एक आजी आईच्या ओळखीच्या. आई असल्यापासून चहाला येतात. त्या वर्षी चहा पिता पिता मला म्हणाल्या, "का रं, तू कधी यायचास?"

मी म्हटलं, "आज्जी, आमचा धंदा तुम्हाला ठावं हाय न्हवं?"

"हाय की. तुज्या आईच्या हातचा च्या काय डोळं झाकून पीत हुते व्हय मी?"

"मग आमच्यासारख्यानं कसं यायचं?"

"चालत."

मी आपलं सांगायला लागलो. आधी माळ घालावी, धंद्याचं काहीतरी बघावं, मनानं जरा स्वच्छ व्हावं, मग एखाद्या वर्षी. आजींनी कप खाली ठेवला. "धुऊनच यायचं आसंल तर नदी कशाला हाय मग?"

पुढच्या वर्षी मी नीरेच्या पुलावर जाऊन थांबलो.

दिंडी त्या दिवशी वाल्ह्याहून आलेली. वाल्हं म्हणजे वाल्या कोळ्याचं, वाल्मिकी ऋषींचं गाव. माझ्यासारख्याला धीर द्यायचा म्हटलं की लोक हमखास वाल्याचंच नाव घेतात. मला त्यानं कधी धीर आला नाही. वाल्या वाटमारी करायचा आणि त्यानं ती सोडली. मी कुणाला लुटत नाही. धंदा चोख करतो, वजनात मारत नाही, पोरं त्यावर शिकली. सोडायला माझ्याकडं काही नव्हतं आणि तरी हात घाणच वाटायचे. या गाठीला वाल्याची गोष्ट पुरत नाही.

पाडेगावच्या बाजूला दत्त घाटावर माउलींच्या पादुकांना नीरास्नान घालतात. लांबून हात जोडण्याची सवय असलेला मी त्या दिवशी आजींच्या पदराआड काठापर्यंत गेलो. पाणी गढूळ, पायाखाली चिखल, "माउली माउली" असा एकच गजर, आणि चोपदारांच्या मागोमाग पादुका पाण्यात उतरल्या. मी बघत राहिलो. ज्ञानोबामाउलींना धुवायचं काय असणार? ते स्नान करतात आणि मग त्याच पाण्यात म्हातारे, पोरं, बाया, कुणीही उतरतं. ज्याला गरज नाही तो आधी उतरला की मागच्याची लाज जाते. असं निदान माझं झालं.

आणखी एक त्या वेळी मनात आलं. हीच ती संन्याशाची पोरं. आई-बापांनी देहान्त प्रायश्चित्त घेतलं तरी त्यांना जातीत घेईनात. शुद्धिपत्रासाठी चौघं भावंडं आळंदीहून पार पैठणला चालत गेली. ज्यांना एकेकाळी धर्मसभेकडं शुद्ध असल्याचा कागद मागावा लागला, त्यांच्या पालखीमागं आज लाखो माणसं चालतात. या पालखीला माझा विटाळ होईल, हे आमच्या घरात तीन पिढ्या कुणी ठरवलं? माउलींनी तर नव्हे.

मी उतरलो. गुडघाभर पाण्यात उभा राहून हात चोळत होतो. आमच्या धंद्यातल्या माणसाच्या नखांच्या कडांना एक वास कायमचा असतो. लिंबू चोळा, साबण लावा, लग्नकार्यात गेल्यावर जेवताना तो आपला आपल्यालाच येतो. तेवढ्यात शेजारी अंगरखा भिजलेला एक म्हातारा बाबा वाकला आणि त्यानं पाण्यात हात घालून माझे पाय शिवले. वारीत सगळेच सगळ्यांच्या पाया पडतात, हे मला माहीत होतं. पण माझ्या पाया कुणी पडेल, हे ध्यानीमनी नव्हतं. मी पाय मागं घेतले. बाबांनी वर बघितलं, "माउली" म्हणाले आणि माझा हात धरून काठाला चढले, त्यांना आधार हवा होता म्हणून. तो हात त्यांनी पुलापर्यंत सोडला नाही.

(आज पालखीचा सोहळा ज्या शिस्तीत चालतो, ती लावून देणारे हैबतबाबा आमच्याच सातारा जिल्ह्यातल्या आरफळचे. शिंद्यांच्या पदरी असलेला मानाचा माणूस. आळंदीला महाद्वारातल्या पायरीशी त्यांनी आपल्या समाधीला जागा मागून घेतली, का तर येणाऱ्या-जाणाऱ्या भक्तांचे पाय लागावेत. त्या बाबांचा ओला हात हातात असताना मला ती पायरी पहिल्यांदा कळली.)

नीरा ते लोणंद वाट थोडी, पण मला ती सगळ्यात लांब वाटली. कारण पुढं माझंच गाव, माझीच गल्ली. गळ्यात उसने टाळ, कपाळाला बुक्का, आणि ओळखीची गिऱ्हाइकं दुतर्फा. एक जण ओरडला, "अहो, तुम्ही?" मी मान हलवली. आमच्या बंद शटरसमोर बायको घागर घेऊन उभी होती. तिनं आधी आजींच्या पायावर पाणी घातलं, मग इतरांच्या, मग माझ्या. आम्ही दोघंही काही बोललो नाही. वडील असते तर त्यांना तिथूनच हाताला धरून रथाजवळ नेलं असतं, ही एक गोष्ट मात्र आजही मनातून जात नाही.

चांदोबाच्या लिंबाला पहिलं उभं रिंगण झालं. दोन्ही बाजूंना दिंड्या आणि मधून अश्व दौडत गेले, एकावर स्वार आणि दुसरा माउलींचा, त्याची पाठ मोकळी. टापांची माती कपाळाला लावायला झुंबड उडाली. त्या झुंबडीत मीही होतो.

तरडगावच्या मुक्कामाला रात्री तंबूत पडलो होतो. पहाटेच्याही आधी कुणीतरी पाय हलवला. दिंडीचं स्वयंपाकाचं बघणारे काका होते. "फलटणचा टप्पा मोठा हाय, जेवण लौकर निघालं पायजे. भाजी चिराय माणूस न्हाय. आज्जी म्हणत्यात, तुमचा हात बसलाय."

मी उठून बसलो. माझा हात कशावर बसलाय, हे आजींनी त्यांना सांगितलं होतं का, असं विचारलं. काका म्हणाले, "सांगितलंय की. म्हणून तर तुमाला उठवलं."

गॅसबत्तीच्या उजेडात डांगराचा ढीग, दोन परातभर वांगी आणि सात-आठ सुऱ्या. सुऱ्या इतक्या बोथट की बाया त्या डांगरावर दाबून दाबून मनगटं दुखवून घेत होत्या. पाण्याच्या टँकरजवळ एक सपाट दगड सापडला. तो ओला करून मी एकेक सुरी घेतली. पातं दगडावर किती तिरकं धरायचं, दाब कुठं सोडायचा, पाठ फिरवून वळ कसा काढायचा आणि शेवटी अंगठ्याच्या नखावर धार कशी तपासायची, हे वडिलांनी मला मिसरूड फुटायच्या आधी शिकवलेलं. सुऱ्या बायांना परत दिल्या. एका मावशींनी पहिलाच काप घेतला आणि डांगर आपसूक दुभंगलं. "अगं बया, लोण्यावानी चाललीय!" मग मी बसलो. सालीकडून कुठं घालायची, गाभा एका फटक्यात कसा काढायचा, फोडी सारख्या कशा पडतात, हाताला सगळं पाठ. उजाडायच्या आत ढीग संपला. ते डांगर खाऊन दिंडी फलटणला चालत गेली.

धंद्याचे हात धंद्याचेच राहिले आणि माउलींच्या कामाला आले. मी इतकी वर्षं उलटं धरून बसलो होतो. आधी हात चांगले व्हायचे, मग बोलावणं यायचं. इथं बोलावणं आधी आलं, तेही नेमकं त्या हातांनाच.

सुरवडीच्या पुढं ऊन चढल्यावर विणेकऱ्यांनी तुकोबांचा अभंग लावला, उंच-नीच काही नेणे भगवंत. ऐकलेला होता. सावता माळ्याला खुरपू लागतो, कबिराचे शेले विणतो, तेवढं लक्षात असायचं. त्या दिवशी टाळ वाजवता वाजवता मधली ओळ कानात शिरली: "सजन कसाया विकू लागे मांस." माझा टाळ चुकला. शेजारच्याला विचारलं तर त्यानं कथा सांगितली. सजन कसाई मांस तोलायला एक गोटा वापरायचा, तो खरा शाळिग्राम होता, त्याला ठाऊक नव्हतं. एका साधूनं ओळखला, मागून नेला, देवघरात ठेवून पूजा केली. देव रात्री स्वप्नात आला आणि म्हणाला, मला सजनाच्या तराजूत नेऊन ठेव, मला तिथंच करमतं.

तुकोबांनी असं नाही म्हटलं की देवानं सजनाला दुकान बंद करायला लावलं. देव दुकानात येऊन बसला, विकू लागला. हे मी बारकाईनं बघतो, कारण माझं सगळं यावर उभं आहे. उद्या मला आतून वाटलं तर मी माळ घालीन आणि हा धंदा सोडीनही. पण तो सोडल्याशिवाय देव जवळ करत नाही, असं मला आता कुणी सांगितलं तर मी ऐकणार नाही.

मग मी दिंडीतल्या माणसांकडं नीट बघायला लागलो. दिंडीत एकही माणूस सगळं नीटनेटकं करून आलेला नव्हता. एकाची दारू सुटून थोडेच महिने झालेले, अजून हात थरथरायचे. एक जण भावाशी जमिनीवरून कोर्टात भांडत होता आणि रोज हरिपाठाला बसायचा. फलटण सोडल्यावर विडणीजवळ एक लेकुरवाळी पोरगी दिंडीच्या पार मागं, विण्यापासून लांब चालताना दिसली. तिला अडचण आली होती. आजी थांबल्या, डोक्यावरचं तुळशीवृंदावन उतरवलं आणि तिच्या डोक्यावर ठेवलं. पोरगी घाबरली, "आज्जी, चालत न्हाय." आजी म्हणाल्या, "चोखोबाच्या सोयराबाईनं इचारलंय, इटाळाबिगर कुणाचा देह झालाय का म्हणून. अजून कुणी जबाब न्हाय दिल्याला. चल." बरडपर्यंत तुळस त्या पोरीच्याच डोक्यावर होती. आमच्या महाराजांनी पाहिलं आणि पुढचा अभंग घेतला.

माझं बरडवरून परत फिरायचं ठरलं होतं. पुढं धर्मपुरीला सोलापूर जिल्हा लागतो. स्वयंपाकाच्या काकांनी विचारलंच नाही, नातेपुत्यासाठी भाजी किती घ्यायची एवढंच बोलले. मी घरी फोन करून सांगितलं की एकादशीपर्यंत दुकान उघडू नका.

आता दुकान चालू असतं. ठोकळा तिथंच असतो, फक्त पालखीच्या आदल्या रात्री मी तो लपवत नाही, धुऊन ठेवतो. नीरेला दरवर्षी जातो, जाताना धार लावायचा चांगला दगड घेऊन जातो.

परवा शवविच्छेदनाच्या खोलीत काम करणारे एक ओळखीचे गृहस्थ दुकानात आले. मटण बांधून होईपर्यंत थांबले, मग हळूच म्हणाले, "आमच्यासारख्याला घेतात का हो दिंडीत?" मी त्यांना सांगितलं, आधार कार्डाची झेरॉक्स द्या, नाव मी नोंदवतो. पथारी, खाली घालायला प्लास्टिकचा कागद, ताट, तांब्या आणि दोन जोड कपडे घ्या. चप्पल जुनी, पायात बसलेली असू द्या. दिंडी नीरेच्या पुलावर दुपारी येते, पण गर्दी फार होते, तर सकाळीच या. आणि रात्री लवकर झोपा. भाजीला माणसं कमी पडतात, तुम्हाला पहाटे उठवावं लागेल.