कळसूबाईवरून उलगडलेल्या तीन डिग्री

तलाठी भरती 2023 च्या परीक्षेत 100 पैकी 25 प्रश्न इंग्रजीचे होते. मराठी माध्यमातून शिकल्यामुळे मला त्याच भागाची धास्ती होती, त्यातही डिग्री बदलण्याची, म्हणजे तुलनेचं वाक्य अर्थ तोच ठेवून विशेषणाच्या एका रूपातून दुसऱ्या रूपात फिरवण्याची. टॉल-टॉलर-टॉलेस्ट, गुड-बेटर-बेस्ट ही रूपं (अनुक्रमे पॉझिटिव्ह, कंपॅरेटिव्ह, सुपरलेटिव्ह) पाठ होती. मराठीत विशेषण तसंच राहतं, 'पेक्षा' आणि 'सर्वांत' एवढ्यावर भागतं. इंग्रजीत रूप बदलतं, पण ते सवयीने येतं. घोडं अडायचं ते पूर्ण वाक्य फिरवताना. 'नो अदर' कुठे, 'व्हेरी फ्यू' कुठे?

शेवटी नोट्समधली राम-श्यामची वाक्यं सोडली आणि भूगोल घेतला, कारण तो माझ्या आवडीचा. कळसूबाई 1646 मीटर, महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर. 'कळसूबाई इज द हायेस्ट पीक इन महाराष्ट्र.' हेच कंपॅरेटिव्हमध्ये 'हायर दॅन एनी अदर पीक इन महाराष्ट्र' आणि पॉझिटिव्हमध्ये 'नो अदर पीक इन महाराष्ट्र इज अ‍ॅज हाय अ‍ॅज कळसूबाई'. इथे 'अदर' गाळला तर कळसूबाई स्वतःपेक्षाही उंच ठरते! कारण महाराष्ट्रातल्या शिखरांत ती स्वतःही आहे. याउलट 'कळसूबाई इज हायर दॅन एनी पीक इन गोवा' या वाक्यात 'अदर' नकोच. गोव्याच्या शिखरांत ती मुळात नाहीच. हे लक्षात आलं आणि मला खरोखर आनंद झाला. तुलना कोणाच्या घोळक्यात चालली आहे, हे आधी पाहायचं.

मग साल्हेर घेतलं. उंची 1567 मीटर, म्हणजे राज्यात दुसरा क्रमांक. 'वन ऑफ द हायेस्ट पीक्स' म्हटलं की वर आणखी कोणी असू शकतं, म्हणून 'नो अदर' चालत नाही. 'व्हेरी फ्यू पीक्स इन महाराष्ट्र आर अ‍ॅज हाय अ‍ॅज साल्हेर', किंवा 'हायर दॅन मोस्ट अदर पीक्स'. 'वन ऑफ द' नंतर नाम अनेकवचनी, हेही त्यातूनच पक्कं झालं.

दोघांचीच तुलना असेल तर 'साल्हेर इज नॉट सो हाय अ‍ॅज कळसूबाई' आणि 'कळसूबाई इज हायर दॅन साल्हेर' एवढंच. तिथे सुपरलेटिव्ह करत बसू नये.

सीनियर, ज्युनियर, सुपीरियर, इन्फीरियर हे शब्द लॅटिनमधले. त्यांच्यापुढे 'दॅन' नाही, 'टू' येतो. ते मात्र मी सरळ पाठ केले.