शरणपूर रोडवरून घरी येताना

आज चर्चमध्ये उपासनेत पहिल्यांदा संदेश, म्हणजे प्रवचन दिलं. बाहेर पडताना मंडळीतले एक काका म्हणाले, "पोरी, आधी घर सांभाळ. वचन सांगायला पाळकसाहेब आहेत." दोन महिन्यांची तयारी, प्रार्थना, सगळं क्षणात गळून पडलं. शरणपूर रोडला स्कूटी बाजूला लावून रडले.

मग लक्ष्मीबाई टिळक आठवल्या. माहेर आपल्या नाशिकजवळचंच, जलालपूरचं. १८९५ साली त्यांचे पती, कवी ना. वा. टिळकांनी बाप्तिस्मा घेऊन ख्रिस्ती धर्म स्वीकारला तेव्हा किती तुटल्या असतील त्या! आणि १९०० साली स्वतःच्या विश्वासाने त्यांनीही घेतला. लोक काय बोलले नसतील?

बायबलमधल्या यिर्मया संदेष्ट्यालाही गप्प बसायचं होतं, पण हाडांत कोंडलेली आग आवरेना. माझंही तसंच झालंय. काकांसाठी प्रार्थना केली, मनापासून. बुधवारी बहिणींच्या प्रार्थनासभेत बायबलमधल्या रूथवर बोलणार आहे. या सगळ्याजणी.