संशयित काचबिंदू: इंग्लंडच्या रांगेत आधी कोण?

इंग्लंडमध्ये काचबिंदूचा पहिला संशय बहुतेक वेळा चष्म्याच्या दुकानातच येतो. दुकानातला ऑप्टोमेट्रिस्ट नंबर काढून थांबत नाही. डोळ्याचा दाब मोजतो, मागची नस बघतो आणि शंका आली तर हॉस्पिटलला पत्र पाठवतो. साठी गाठली की ही तपासणी एनएचएसतर्फे, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेतर्फे मोफत. आई-वडील, भावंडं किंवा मुलं यांपैकी कुणाला काचबिंदू असेल, तर चाळिशीपासूनच मोफत. आपल्याकडे थेट नेत्रतज्ज्ञ गाठायची सवय, त्यामुळे इथे नव्याने आलेल्या आपल्या मंडळींना ही मधली पायरी खटकते. मी हॉस्पिटलच्या बाजूला काम करते. आलेली पत्रं वाचून कुणाला कधी बोलवायचं हे ठरवणं, हा माझ्या कामाचा मोठा भाग आहे.

पत्रात नुसता दाबाचा आकडा असेल तर फार काही कळत नाही. 2009 साली उपचारांचे निकष ठरवणाऱ्या नाइस या संस्थेची मार्गदर्शक तत्त्वं आली आणि दाब 21 (मिलिमीटर पाऱ्यात) च्या वर दिसला की पाठव हॉस्पिटलला, असं सुरू झालं. 2017 मध्ये ती मर्यादा 24 केली गेली. शिवाय हवेचा झोत मारणाऱ्या मशीनच्या एकट्या आकड्यावर कुणाला पाठवू नका, असंही स्पष्ट सांगितलं. आधी डोळ्यात पिवळा रंग घालून, निळ्या प्रकाशात, कॉर्नियाला, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याला, हलकेच टेकणाऱ्या गोल्डमन उपकरणाने दाब मोजायचा. नस स्लिट लॅम्पवर, म्हणजे डोळे बघायच्या सूक्ष्मदर्शकावर, नीट बघायची, व्हिज्युअल फील्ड (नजरेचा आवाका मोजणारी चाचणी) करायचं, कॉर्निया आणि बुबुळ यांच्यामधला कोन अरुंद आहे का तेही पाहायचं. हे योग्यच आहे. दाब दिवसभरात वरखाली होतो, कॉर्निया जाड असेल तर आकडा उगाच जास्त येतो, आणि धास्तावून डोळे घट्ट मिटणाऱ्या माणसाचाही जास्तच येतो. फील्डचंही तसंच. ठिपका दिसला की बटण दाबायचं, एवढंच. पण पहिल्या खेपेला बरेच जण गडबडतात आणि धड डोळ्यातही काळे डाग उमटतात. म्हणून पुन्हा करून बघायचं.

आता दोन पत्रं समजा. पहिल्यात अडुसष्ट वर्षांचे गृहस्थ, दाब 26, नस निरोगी, फील्ड स्वच्छ. दुसऱ्यात बावन्न वर्षांच्या बाई, दाब फक्त 19, पण नसेच्या कडेला रक्ताची बारीक रेघ, फील्डमध्ये अगदी मध्याजवळ डाग, आणि आईला काचबिंदू. मी बाईंना आधी बोलावते. काचबिंदू दाब ‘नॉर्मल’ असतानाही होतो, गेलेली नजर परत येत नाही, आणि त्यांना ती अजून कितीतरी वर्षं पुरवायची आहे. गृहस्थांनी थोडं थांबलं तरी चालेल. पण डोळा लाल, असह्य दुखतोय, दिव्यांभोवती इंद्रधनुषी कडी दिसतात, उलट्या होताहेत, असं असेल तर पत्र लिहीत बसायचं नाही. फोन करून त्याच दिवशी पाठवायचं.

ही निवड इतकी काटेकोर का, असं मला घरून विचारतात. कारण नवीन आणि जुने रुग्ण एकाच खुर्चीसाठी थांबलेले असतात. 2020 मध्ये इथल्या आरोग्य सुरक्षा तपास विभागाने एका अहवालात मांडलं की फेरतपासणीला उशीर झाल्यामुळे महिन्याला 22 पर्यंत रुग्णांची नजर गंभीरपणे किंवा कायमची जाते. हे वाचल्यापासून विनाकारण आलेलं पत्र मला निरुपद्रवी वाटत नाही. त्याने अडवलेली वेळ अशा कुणाची तरी असते, ज्याचा आजार ठाऊक आहे आणि वाढतो आहे.

गर्दीवर उपाय म्हणून बऱ्याच ठिकाणी चाचण्या तंत्रज्ञ करतात, डॉक्टर त्या नंतर बघतात आणि निकाल पत्राने घरी येतो. ‘डॉक्टर भेटलेच नाहीत’ म्हणून आपले काका-काकू नाराज होतात. मला ही पद्धत पटते. स्थिर रुग्णांसाठी ती पुरेशी आहे. बिघडतंय असं दिसलं तर समोर बोलावतातच.

तुमच्यापैकी कुणी इकडे राहायला येणार असेल आणि काचबिंदूचे थेंब चालू असतील, तर जुनी फाइल हातातल्या बॅगेत ठेवा. औषध सुरू होण्याआधीचा दाब, जुनी फील्ड्स, ओसीटीचे (नसेच्या स्कॅनचे) कागद, लेझर झालं असेल तर त्याची तारीख. थेंबांमुळे दाब उतरलेला असतो, आणि आधीचे कागद नसले की दुकानात तपासणाऱ्याला सगळं ठीकच वाटू शकतं. दम्याचा पंप किंवा स्टेरॉइडचं मलम वापरत असाल तर न विचारता सांगा, आणि घरात कुणाला काचबिंदू आहे तेही. पत्र वाचताना आम्ही या ओळी शोधत असतो.